मॉन्टेरीच्या थंड पाण्यातील केल्पचे रान

कॅलिफोर्नियाचा समुद्र छायाचित्रांत मोठा उबदार दिसतो. प्रत्यक्षात त्यात घोट्यापर्यंत पाय घातले की थोड्याच वेळात हाडे ठणकू लागतात. मॉन्टेरीच्या उपसागरात पाण्याचे तापमान वर्षाचा बहुतेक काळ १० ते १५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, आणि नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही, पण ते सर्वांत खाली जाते ते एप्रिल ते जूनच्या सुमारास, किनाऱ्यावर लख्ख ऊन पडलेले असताना. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातील आमच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना स्कूबा डायव्हिंग शिकायचे असते, ते त्यामुळे सरळ हवाईची किंवा मेक्सिकोची तिकिटे काढतात, आणि त्यात गैर काहीच नाही. माझा हट्ट वेगळा होता. मला केल्पचे, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत उंच वाढणाऱ्या तपकिरी समुद्री शैवालाचे, रान आतून पाहायचे होते, आणि ते रान उबदार पाण्यात उभे राहत नाही.

या हट्टाचे मूळ मॉन्टेरीच्या मत्स्यालयात आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथे नेतो, त्यामुळे १९८४ साली मत्स्यालय सुरू झाल्यापासून तिथे असलेली ती साडेआठ मीटर उंचीची केल्पची टाकी माझ्या चांगलीच ओळखीची झाली होती. टाकीत समोरच्याच उपसागराचे पाणी खेळवलेले आहे, वरून थेट सूर्यप्रकाश येतो, आणि एक यंत्र पाण्याला अखंड हेलकावे देत राहते, कारण पाणी हलते नसेल तर केल्प तग धरत नाही. एकदा माझी आई काचेसमोरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "हे सगळं बाहेरच्या समुद्रातही असंच आहे का गं?" मी पुस्तकी उत्तर दिले. पाण्याखालचा माझा तोवरचा अनुभव तारकर्लीपुरता होता, आणि तो ज्यांनी घेतला असेल त्यांना ठाऊक आहे की तिथे प्रशिक्षक पर्यटकाला पाठीमागून धरून खाली नेतात, खडक आणि मासे दाखवतात आणि वर आणून सोडतात; आपण फक्त तोंडाने श्वास घेत राहायचे. मालवणचे पाणीही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे, त्यामुळे अंगावर फारसे काही चढवावे लागत नाही. त्या बळावर मॉन्टेरीत उतरता येत नाही. इथे रीतसर परवाना लागतो आणि आपला भार आपल्यालाच वाहावा लागतो.

परवान्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रकृतीविषयीची एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते, आणि दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही आणावी लागते. मग संगणकावर धडे वाचून चाचण्या द्यायच्या, तरणतलावात दोनशे मीटर पोहून आणि दहा मिनिटे तरंगून दाखवायचे, आणि त्याच तलावात मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकर मारून बाहेर काढणे, टाकीतील हवा तोंडात देणारा रेग्युलेटर सुटला तर हात मागे फिरवून शोधणे, जोडीदाराच्या टाकीतील हवेवर श्वास घेणे ही कौशल्ये गुडघ्यांवर बसून घोटायची. शेवटी समुद्रात चार डाइव्ह, आणि ते नीट झाले की अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा. हा क्रम जगभर सारखाच आहे. तलावातील पाणी गरम केलेले असते, त्यामुळे तिथे सगळेच सोपे वाटते.

खरा फरक पोशाखापासून सुरू होतो. मॉन्टेरीत नवशिक्यांना सात मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचा दुहेरी वेटसूट देतात: आधी बिनबाह्यांचा, खांद्यांपासून घोट्यांपर्यंतचा एक भाग, त्यावर बाह्यांचे जाकीट, म्हणजे छातीपोटावर चौदा मिलिमीटर रबर. त्याखेरीज डोक्याला हुड, हातमोजे आणि बूट. हा सूट पाणी अडवत नाही. पाणी आत शिरते, पण अंगाशी अडकून राहते आणि शरीराच्या उष्णतेने कोमट होते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील ऊब ओढून घेते, त्यामुळे सूट सैल असला आणि आतले पाणी सारखे बदलत राहिले तर त्याचा काहीच उपयोग नाही. तो अंगाला आवळूनच बसला पाहिजे. चढवताना दम लागतो तो त्यामुळे. पायांत वाण्याकडच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून मग पाय आत सरकवायचे, म्हणजे रबर पोटऱ्यांवर अडत नाही, ही युक्ती मला माझ्या मावसभावाने शिकवली. तो फ्रीमाँटला राहतो, माझ्या आधी काही वर्षे हे शिकलेला, आणि पुढे माझा कायमचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, झाला. वाहनतळावर अंघोळीच्या बादलीइतके गरम पाणी भरलेला एक डबा तो बरोबर आणतो. "ताई, उतरायच्या आधी मानेतून थोडं आत ओतून घे, आणि हातमोज्यांतही," असे त्याने सांगितले, तेव्हा मला तो लाड वाटला. पहिल्या लाटेचे पाणी पाठीच्या चेनमधून आत शिरले नाही, कारण जागा गरम पाण्याने आधीच अडलेली होती, तेव्हा त्याचे मोल कळले.

रबराची दुसरी बाजू म्हणजे ते तरंगते. निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, ऊब धरतात तेही तेच आणि माणसाला पृष्ठभागावर उचलून धरतात तेही तेच. त्यामुळे इथे खाली जाण्यासाठी शिसे लागते. माझ्या वजनाच्या बाईला बारा-तेरा किलो. उष्ण समुद्रात दोन-तीन किलोंवर भागते. शिवाय टाकी, बीसीडी (हवा भरून तरंगणे कमीजास्त करण्याचे जाकीट) आणि बाकीचा सरंजाम मिळून पाठीवर पंचवीस-तीस किलोंचा भार घेऊन वाहनतळावरून वाळूपर्यंत चालत जायचे. समुद्रात पुढचा प्रश्न असा की ही तरंगण्याची शक्ती स्थिर राहत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि आपण अचानक जड होतो. तो जडपणा बीसीडीमध्ये थोडी थोडी हवा भरून सावरायचा आणि वर येताना तीच हवा थोडी थोडी सोडायची, कारण वर येताना ती फुगते आणि सोडली नाही तर माणसाला वेगाने वर फेकते, आणि वेगाने वर येणे हाच या खेळातील सर्वांत मोठा धोका आहे. उबदार पाण्यात पातळ सूट घालून शिकणाऱ्याला ही कसरत निम्म्याहून कमी करावी लागते. सूट दबला की त्याची ऊबही कमी होते, म्हणजे जिथे पाणी अधिक थंड तिथेच संरक्षण अधिक तोकडे; यावर वेटसूटपुरता तरी इलाज नाही.

प्रशिक्षणाच्या डाइव्ह सॅन कार्लोस बीचवर होतात. कॅनरी रो या रस्त्याच्या टोकाशी, कोस्ट गार्डच्या धक्क्याला लागून असलेला हा लहानसा किनारा उत्तर कॅलिफोर्नियातील निम्म्याअधिक डायव्हरांची पहिली शाळा असेल. वर हिरवळ, शॉवर, स्वच्छतागृहे आणि पैसे भरून गाड्या लावण्याची सोय. खाली उतरायला पायऱ्या. आणि उजव्या हाताला दगडी बांध, ज्यावर पहुडलेले सी लायन दिवसभर भुंकत असतात. शनिवारी सकाळी हिरवळीवर ताडपत्र्या पसरून, टाक्या मांडून, एकमेकांचे पट्टे ओढून पाहणाऱ्या माणसांची इतकी गर्दी असते की जागा मिळवायला सातच्या आत पोहोचावे लागते.

लाटांमधून आत जाण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी दहा-पंधरा मिनिटे नुसते उभे राहून लाटा पाहायच्या, कारण त्या गटागटाने येतात आणि दोन मोठ्या गटांच्या मधला शांत काळ ओळखावा लागतो. मग मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा, बडीच्या खांद्याचा आधार घेऊन पायांत वल्ह्यासारखे फिन चढवायचे आणि पाठ समुद्राकडे करून, पाय वाळूवरून फरफटत मागे मागे जायचे. पाय उचलला की लाट पाडते. पडलो तर उठण्याचा खटाटोप करायचा नाही. श्वास रेग्युलेटरमधून चालूच असतो, त्यामुळे हातापायांवर रांगत पुढे जायचे किंवा बाहेर यायचे. आमच्या तुकडीतील एक उंचापुरा सैनिक बाहेर येताना खुशाल रांगत वाळूवर आला आणि आमच्या प्रशिक्षकांनी इतरांना तोच आदर्श म्हणून दाखवला.

खाली जाताना पहिला घाव कपाळावर बसतो. चेहऱ्याचा मास्क आणि हुड यांच्यामधला उघडा पट्टा पाण्यात गेला की भुवयांच्या वर तीव्र कळ येते आणि ती मिनिटभराने आपोआप बधिर होते. याच वेळी श्वास उथळ आणि घाईचा होतो, छाती भरत नाही असे वाटते, आणि वर परतावे अशी उबळ येते. ही थंड पाण्याला शरीराने दिलेली साधी प्रतिक्रिया आहे, तिला घाबरायचे नाही, पृष्ठभागावरच चेहरा पाण्यात घालून पाच-सात सावकाश उच्छ्वास होऊ द्यायचे आणि मगच हवा सोडून खाली जायचे, असे प्रशिक्षकांनी बजावले होते. उच्छ्वास लांबवला की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. दर मीटरभराने नाक चिमटीत धरून कानांत हवा ढकलायची. जाड हातमोज्यांतून नाक सापडणे हीच एक कला आहे. खाली आठ मीटरवर वाळूत गुडघे टेकून मास्क पूर्ण भरून रिकामा करण्याची परीक्षा झाली. तलावात तो खेळ होता; इथे ११ अंशांचे पाणी उघड्या डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर आले की नाकाने श्वास न घेण्याचा निश्चय पणाला लागतो. मनगटावरच्या संगणकाने ५२ फॅरनहाइट दाखवले होते आणि दृश्यमानता जेमतेम चार मीटर होती. पाणी हिरवट, त्यात तरंगणारे कण, आणि बडीचे पिवळे फिन एवढेच जग.

पाणी इतके थंड आणि इतके गढूळ का, याचे उत्तर समजून घेतल्यावर मी त्याविषयी कुरकुर करणे सोडले. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस या किनाऱ्याला समांतर वायव्येचे वारे सुटतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी सरळ पुढे न जाता किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे सरकते, आणि त्याची जागा भरायला तळातील थंड पाणी वर येते. तळाच्या अंधारात वर्षानुवर्षे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे त्या पाण्यात नायट्रेटसारखी पोषकद्रव्ये विरघळलेली असतात. ती प्रकाशात आली की सूक्ष्म वनस्पतिप्लवक फोफावतात, म्हणून पाणी हिरवे आणि गढूळ. आणि तीच केल्पचे खत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे १५-१६ अंशांच्या वर गेले की त्यात नायट्रेट जवळजवळ उरत नाही आणि केल्पची उपासमार सुरू होते. ज्या थंडीपासून बचावासाठी आम्ही चौदा मिलिमीटर रबर अंगावर चढवतो, तिच्यावरच ते रान पोसलेले असते. मॉन्टेरीचे पाणी जरा कोमट असते तर बरे झाले असते, असे वाहनतळावर कुडकुडणारा प्रत्येक जण म्हणतो. पण मग उतरण्यासारखे तिथे फार थोडे उरले असते.

रानात मी प्रथम शिरले ते परवाना मिळाल्यावर, ऑक्टोबरात. वारे पडलेले असतात, प्लवक ओसरलेले असतात, दृश्यमानता दहा मीटरच्या आसपास जाते आणि उन्हाळाभर वाढलेले केल्पचे छत अजून हिवाळी वादळांनी फाडलेले नसते. आम्ही छताच्या कडेला मोकळ्या पाण्यात उतरलो आणि तळाशी दहा-बारा मीटरवर गेल्यावर आडवे आत गेलो. वरून सरळ केल्पमध्ये उतरायचे नाही, हा नियम आहे. खाली गेल्यावर देठांमध्ये पुरेशी वाट असते, गुंता सगळा वर असतो.

मॉन्टेरीत दिसणारा मुख्य केल्प म्हणजे मॅक्रोसिस्टिस, जायंट केल्प. ते झाड नव्हे, तपकिरी शैवालाची एक महाकाय जात आहे; त्याला मुळे नसतात. खडकाला घट्ट धरून बसलेल्या बोटभर जाडीच्या फांद्यांचा एक गुंता असतो, तो होल्डफास्ट, आणि तो फक्त धरून ठेवण्याचे काम करतो. अन्न शोषले जाते ते पानांच्या सगळ्या पृष्ठभागातून. होल्डफास्टमधून अनेक देठ निघतात, प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेने भरलेली एक बोंडी असते, आणि या शेकडो बोंड्यांच्या जोरावर पंधरा-वीस मीटर लांबीचा देठ कसल्याही लाकडाशिवाय सरळ उभा राहतो. वर पोहोचल्यावर तो थांबत नाही. पृष्ठभागावर आडवा पसरून छत धरतो. पोषक पाणी आणि ऊन दोन्ही मिळाले तर तो दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो. छताला जिथे भोके असतात तिथून उन्हाचे तिरपे पट्टे तळापर्यंत येतात, आणि लाटेसरशी सगळे देठ एका बाजूला झुकतात, थांबतात, परत येतात. आपणही त्यांच्याबरोबर दीड-दोन मीटर ढकलले जातो आणि परत आणले जातो. पहिल्या काही मिनिटांत मी या हेलकाव्याविरुद्ध पाय मारत होते. बडीने हात आडवा धरून थांबण्याची खूण केली, आणि त्याच्याकडे पाहून मी लाट पुढे नेईल तेव्हाच पाय मारायला आणि मागे नेईल तेव्हा नुसते राहायला लागले. हवा वाचते आणि उष्णताही वाचते.

मला सर्वांत जास्त काही सापडले ते एकाच पानाजवळ थांबल्यावर. तपकिरी, सुरकुत्या पडलेले, कडेला बारीक दाते असलेले ते हातभर लांब पान मी टॉर्चच्या उजेडात धरले, तेव्हा त्याच्या पाठीवर पांढुरक्या जाळीचा थर दिसला. ती ब्रायोझोअनची वसाहत. एकेक घर टाचणीच्या टोकाएवढे आणि त्यात एकेक जीव. बोंडीजवळ सोनेरी-जांभळ्या पट्ट्यांची शंकूच्या आकाराची एक गोगलगाय वर चढत होती. शेजारच्या देठाला केल्प क्रॅब चिकटून बसला होता, रंग इतका तंतोतंत तपकिरी की तो नांगी उचलेपर्यंत मी त्याला देठाचाच भाग समजले होते. खाली खडकांवर गुलाबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान स्ट्रॉबेरी ॲनिमोनी या फुलांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे सलग गालिचे, मध्ये बॅट स्टार नावाचे केशरी-करडे तारामासे, आणि खडकाच्या कपारीत तोंड बाहेर काढून बसलेला रॉकफिश. निळे रॉकफिश वर, छताच्या सावलीत, थव्याने जवळजवळ स्थिर उभे असतात आणि आपण त्यांच्यातून गेलो तरी फक्त वाट देण्यापुरते सरकतात. प्रवाळाच्या समुद्रात नजर सारखी पळत असते. इथे ती एका जागी रोवावी लागते, आणि माझ्या स्वभावाला हे अधिक मानवले.

केल्पमध्ये अडकण्याची भीती नवशिक्यांना फार असते, आणि ती पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पाठीवरच्या टाकीची झडप, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजची लोंबणारी नळी, फिनचे पट्टे या सगळ्यांत देठ अडकतात. म्हणून आधीच नळ्या अंगाशी क्लिपने अडकवायच्या, पट्ट्यांची टोके आत खोचायची, स्नॉर्केल काढून ठेवायचा. तरी अडकलो तर करायची गोष्ट एकच: थांबायचे. वळून पाहायला गेले की देठ अंगाभोवती आणखी एक वेढा घेतो. देठ ओढून तुटत नाही, त्याची चिवटाई दांडगी असते. पण दुमडला की गवारीची शेंग मोडावी तसा कट्कन मोडतो. माझ्या टाकीमागे देठ अडकला तेव्हा मी फक्त टॉर्च हलवून बडीला बोलावले आणि त्याने दोन ठिकाणी मोडून मला सोडवले. सुरीला हातही लावावा लागला नाही.

अवघड प्रकार खरे तर वर असतो. हवा कमी उरल्यामुळे छताच्या मधोमध वर यावे लागले तर पृष्ठभागावरच्या जाड थरावरून पोटावर सरपटत जावे लागते. याला इथले लोक केल्प क्रॉल म्हणतात. दोन्ही हात पुढे टाकून केल्प खाली दाबायचा आणि स्वतःला त्यावरून ओढून घ्यायचे, पाय मारायचे नाहीत. पन्नास मीटरला माणूस घामाघूम होतो, आणि तोही ११-१२ अंशांच्या पाण्यात. त्यामुळे जाणते डायव्हर हवेचा हिशेब वेगळा करतात. भरलेल्या टाकीत ३००० पीएसआय दाब असतो. आमचा नियम असा की तो तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला की वळायचे, म्हणजे किनाऱ्याकडचा रस्ता छताखालून, होकायंत्राच्या उलट दिशेने पोहत कापता येतो आणि शेवटची तीन मिनिटे पाच मीटरवर थांबून, वरचे भोक हेरून, एक हात डोक्यावर धरून वर येता येते.

हे रान सगळीकडे असे राहिलेले नाही, आणि मॉन्टेरीत डायव्हिंग करणाऱ्याला ते फार लवकर दिसते. शहराच्या पूर्वेला टँकर्स रीफ नावाचा खडकाळ पट्टा आहे. तिथे आम्ही गेलो तेव्हा देठ जवळजवळ नव्हतेच. खडक घासून काढल्यासारखे बोडके आणि त्यांवर जांभळ्या सी अर्चिनचे, म्हणजे केल्प कुरतडणाऱ्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्यांचे, काटेच काटे. २०१३ पासून या किनाऱ्यावर तारामाशांमध्ये रोगाची मोठी साथ आली. त्यात मीटरभर रुंद होणारा, वीसहून अधिक बाहूंचा सनफ्लॉवर स्टार इथून जवळपास नाहीसा झाला. तो अर्चिन खात असे. या साथीमागे एक जिवाणू आहे हे २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवले. साथीच्या पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी विलक्षण तापले, पोषकद्रव्ये आटली आणि केल्प खंगला. भुकेले अर्चिन कपारी सोडून बाहेर आले आणि उरलासुरला केल्प बुडापासून कुरतडू लागले. उत्तर कॅलिफोर्नियात तर बुल केल्प या दुसऱ्या जातीची नव्वद टक्क्यांहून अधिक राने गेली. टँकर्स रीफवर २०२१ साली राज्य सरकारने मासेमारीचा परवाना असलेल्या डायव्हरांना हातोडीने अर्चिन फोडण्याची मुभा दिली आणि स्वयंसेवक कामाला लागले. तो परवाना काढून आम्हीही त्यात थोडा हात लावला. काम कंटाळवाणे आहे: एका हाताने खडक धरायचा, दुसऱ्या हाताने ठोकत राहायचे, आणि हेलकावा नेम चुकवत राहतो. फोडलेल्या अर्चिनांवर मासे लगेच जमतात. ज्यांना जीव मारणे पटत नाही अशा मैत्रिणींशी माझा यावर वाद झाला आहे, आणि त्यांची अस्वस्थता मला समजते. पण तो बोडका खडक पाहिल्यावर माझे मत हातोडीच्या बाजूचे झाले.

मॉन्टेरी आणि उत्तरेकडचा किनारा यांत एक मोठा फरक आहे तो सी ऑटरचा, म्हणजे समुद्री पाणमांजराचा. कातडीसाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या प्राण्याची एवढी शिकार झाली की कॅलिफोर्नियात तो संपलाच असे मानले जात होते. १९३८ साली बिग सरमध्ये बिक्सबी क्रीकजवळ पन्नासच्या आसपास ऑटरांचा एक कळप आढळला आणि आजचे सुमारे तीन हजार ऑटर त्याचेच वंशज आहेत. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, म्हणून थंडीशी लढायला ते रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढे खातात, आणि अर्चिन त्यांना आवडतात. पण बोडक्या खडकांवरचे अर्चिन उपाशी असतात, फोडले तर आत काही नसते, त्यामुळे ऑटर तिथे वेळ घालवत नाहीत. केल्प शिल्लक आहे तिथले गुबगुबीत अर्चिन ते वेचतात. परिणामी ते उरलेली राने राखतात, गेलेली परत आणत नाहीत. पृष्ठभागावर केल्पचा पट्टा अंगाभोवती गुंडाळून उताणा झोपलेला ऑटर आम्हाला हमखास दिसतो. कायद्याने त्याच्यापासून अंतर राखावे लागते, आणि तो आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हार्बर सीलचे तसे नाही. ते पाठीमागून येऊन फिनचे टोक तोंडात धरून पाहतात, आणि आपण वळलो की गायब.

या सगळ्याच्या पलीकडे पॉइंट लोबॉस आहे. कार्मेलच्या दक्षिणेला असलेल्या या राखीव क्षेत्रातील पाण्याला १९६० सालीच संरक्षण मिळाले. अमेरिकेतील पहिल्या काही सागरी राखीव क्षेत्रांपैकी ते एक. डायव्हिंग फक्त व्हेलर्स कोव्ह आणि ब्लूफिश कोव्ह या दोन ठिकाणी, दिवसाला ठरावीक जोड्यांना, आधी नोंदणी करून. दारावर परवाना दाखवावा लागतो. किनाऱ्यावर १८५०च्या दशकात चिनी कोळ्यांनी बांधलेली एक लाकडी झोपडी अजून उभी आहे. उतरायला सिमेंटचा उतार आहे, लाटांशी झुंज नाही, आणि इतक्या वर्षांत कोणी काहीच न उचलल्यामुळे लिंगकॉडसारखे मासे इतके मोठे आणि निर्धास्त आहेत की हातभर अंतरावरून जाताना आपणच बिचकतो. इथल्या मधल्या खडकाच्या कडेने एक लांब डाइव्ह आम्ही केली, तेव्हा पंचेचाळीसाव्या मिनिटाला माझी बोटे क्लिप उघडेनाशी झाली. बडीला मी थंडीची खूण केली, दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळून दाखवायची, आणि आम्ही टाकीत निम्मी हवा असताना परतलो. इथे डाइव्ह बहुधा हवा संपल्यामुळे आटोपत नाही, बोटे संपल्यामुळे आटोपते, आणि बोटांनी काम थांबवण्याच्या आत निघायचे, कारण बीसीडीची बटणे त्याच बोटांनी दाबायची असतात. पुष्कळ जण दोन-तीन हंगामांनंतर ड्रायसूटकडे वळतात, ज्यात अंग कोरडे राहते आणि आत लोकरीचे कपडे घालता येतात. तो महाग असतो, त्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, आणि शिसे आणखी वाढते. माझा विचार चालू आहे.

बे एरियातील कोणाला हे करायचे असेल तर परवाना ऑगस्ट-सप्टेंबरात पदरात पाडून घ्यावा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर हाती राहतात. वेटसूट, बीसीडी, टाकी सगळे भाड्याने मिळते. मास्क आणि हातमोजे मात्र स्वतःचे घ्यावेत, कारण भाड्याच्या हातमोज्यांची शिवण बहुधा अंगठ्याजवळ उसवलेली असते. जाड लोकरी टोपी, गरम पाण्याचा डबा आणि डाइव्हनंतरसाठी थर्मासभर आल्याचा चहा बरोबर असावा. लाटा मोठ्या असतील तर कितीही दूरवरून आलेले असले तरी त्या दिवशी उतरू नये, मत्स्यालयाकडे चालत जावे. सॅन कार्लोस बीचपासून ते कॅनरी रोवरूनच पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि केल्पच्या टाकीतील माशांना भरवण्याच्या वेळा दारावर लिहिलेल्या असतात.